न बसलेला चटका

धाकट्याने मशीन हातात घेतलं आणि दुसऱ्याच क्षणी टेबलावर टाकून दिलं. "आईगं! दादा, अरे भाजतंय की हे!" हात झटकत तो म्हणाला आणि बोटांवर फुंकर घालत उभा राहिला. थोरला नुसता बघत राहिला. गेली दहा-बारा मिनिटं तेच रंधामशीन त्याच्या हातात होतं. उजव्या हातात मूठ आणि डावा तळवा मोटरीच्या पत्र्यावर दाबलेला, अशा पवित्र्यात त्याने एका लांब फळीच्या दोन्ही बाजू तासून काढल्या होत्या आणि त्याला काहीही कळलं नव्हतं. थांबला तो वासामुळे. जळक्या वार्निशचा वास आला, मोटरीचा आवाज जरा घोगरा झाला, म्हणून त्याने खटका सोडला आणि बघ रे याला काय झालंय म्हणून मशीन भावाकडे दिलं. "हो ना, तापलंय खरं," तो म्हणाला. म्हणायला उशीर झाला हे त्याचं त्यालाच जाणवलं. धाकटा मात्र हसला. "माझेच हात नाजूक झालेत बहुतेक. बायको भांडी घासू देत नाही ना हल्ली." यावर हसायचं असतं म्हणून थोरलाही हसला, आणि हात धुऊन येतो असं पुटपुटत मागच्या नळाकडे गेला. भिंतीकडे तोंड करून त्याने तळवा उघडला. अंगठ्याच्या बुडाशी मोठ्या बटणाएवढा पांढुरका फोड आला होता, भोवतीची कातडी लाल झाली होती. फोड आपला आहे असं त्याला वाटेना. रस्त्याने जाताना कुणाच्या तरी हातावर दिसावा आणि आपण हळहळून पुढे जावं, तसा तो दिसत होता. त्याने नळ सोडला. पाणी फोडावर पडताना दिसलं. गार असणार, सकाळ होती.

सुरुवात कधी झाली हे त्याला नेमकं सांगता आलं नसतं. आधी थंडीच्या सकाळी बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडायची. मग मुंग्या. झोपेत मुंग्या येऊन जाग यायची आणि तो अंथरुणावर बसून हात झटकत राहायचा, बायको अर्धवट झोपेत विचारायची, "काय झालं हो?" तो म्हणायचा, "काही नाही, हात अवघडला." असं वर्ष-दीड वर्ष चाललं आणि मग एके दिवशी मुंग्या येईनाशा झाल्या. तेव्हा त्याला केवढं बरं वाटलं होतं! चला, सुटलो एकदाचे. वारूळ रिकामं झालं की मुंग्या येत नाहीत, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते आलं नंतर, एकेक करून. खिशात हात घातला तर किल्ली कुठली आणि खिळा कुठला ते कळेना. सदऱ्याची बटणं बघितल्याशिवाय लागेनात. चहाचा पेला उचलला तर तो गरम आहे की निवलाय ते ओठाला लागल्यावरच समजे. मग तो शिकला. माणूस काय, शिकतोच. चहा आला की आधी इतरांना उचलू द्यायचं, ते पेला काठाला धरतात की मुठीत, ते बघायचं आणि मग आपण तसाच धरायचा. खिळे पिशवीतून चाचपून काढण्याऐवजी ओठांत धरायचे. करवत, पटाशी, हातोडी, सगळं डोळ्यांच्या हवाली करायचं. डोळ्यांनी हातांचं काम अंगावर घेतलं होतं, आणि संध्याकाळ झाली की हात नव्हे, डोळे दुखत.

वडील असते तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. ते स्वतः सुतार, त्यांचे वडीलही सुतार. थोरला बारा-तेरा वर्षांचा असताना ते त्याचे डोळे फडक्याने बांधत आणि पुढ्यात चार फळ्या ठेवत. "सांग, कुठली तयार आहे?" तो तळवा फिरवायचा. पहिली नाही, मधे उंचवटा आहे. दुसरी नाही, कडेला तंतू उभे आहेत. तिसरी... तिसरीवर हात नुसता वाहत जायचा, जसा काही ती फळीच हाताला पुढे नेत होती. "ही." वडील शाबास म्हणत नसत. फडकं सोडून खांद्यावर टाकत आणि म्हणत, "डोळा फसतो. तळवा फसत नाही." यंत्र त्यांनी कधी घेतलं नाही. यंत्राने लाकूड ओरडतं म्हणत. ते गेल्यानंतरच दोघा भावांनी हे रंधामशीन आणलं, त्याला आता अठरा वर्षं झाली. आणलं त्या दिवशी दुकानात दोघंच होते, आणि तासायचं लाकूड संपलं तरी ते आळीपाळीने जुन्या फळकुटांवर मशीन चालवत राहिले होते. ढलप्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला होता. मशीन बंद केल्यावरसुद्धा हातात त्याची थरथर तासभर राहायची, अंगात गाणं राहावं तशी. त्या थरथरीनेच पुढे हात खाल्ले, असं डॉक्टर म्हणाला. पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं? त्या दिवशी ते सुखच होतं.

डॉक्टरकडे तो एकदाच गेला होता, आणि तेही गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. घरी सांगितलं की बिजागऱ्या बघायला चाललोय. डॉक्टर तरुण होता, आवाजाने मऊ. म्हणाला, "डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा." थोरल्याने डोळे मिटले, पण पापणी किंचित उघडी ठेवली, परीक्षेला बसलेल्या पोरासारखी. डॉक्टरची सुई खाली येताना दिसली की तो हो म्हणायचा. तीन-चार वेळा जमलं. मग डॉक्टरने त्याच्या डोळ्यांवर स्वतःचा तळहात ठेवला. त्या अंधारात थोरला वाट बघत राहिला. बराच वेळ काही झालं नाही. त्याला वाटलं डॉक्टर अजून सुरुवातच करत नाहीये. हात काढल्यावर त्याने पाहिलं, तर तीन बोटांवर रक्ताचे बारीक ठिपके होते. "किती वर्षं मशीन धरताय?" डॉक्टरने विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाला, "मेलेल्या नसा परत येत नाहीत, काका. आहे तेवढं राखायचं. मशीन सोडा." "मग करू काय?" "देखरेख करा. माणसं ठेवा हाताखाली." थोरला हसला होता. दुकानात माणसं म्हणजे तो आणि भाऊ. देखरेख कुणाची करायची, फळ्यांची? चिठ्ठी त्याने परतीच्या वाटेवर चार तुकडे करून टाकून दिली. तुकडे बारीक झाले नाहीत, बोटांत नीट धरताच येत नव्हते.

नळ बंद करून तो आत आला तेव्हा धाकटा मशीन उलटं धरून त्याच्या भोकांतून फुंकर मारत होता. "मोटरीचे कार्बन झिजले असतील," थोरला म्हणाला. "कार्बन गेल्या महिन्यात बदललेत." "मग भुसा बसला असेल आत." "दादा, भुसा नाही, काही नाही. म्हातारं झालंय ते. नवीन आणू." हे तो इतक्या पटकन म्हणाला की थोरल्याला आश्चर्य वाटलं. धाकटा असा कधीच नव्हता. तो तुटकी पेन्सिल फेकणारा नव्हता, बुटाची नाडी तुटली तर गाठ मारून तीच वापरणारा. "अठरा वर्षं चाललंय," थोरला म्हणाला, "आणि आज एकदा तापलं म्हणून लगेच टाकायचं?" "एकदा नाही. आठवडाभर तापतंय." "मग तू बोलला का नाहीस?" धाकट्याने मशीन खाली ठेवलं, फडक्याला हात पुसले आणि बराच वेळ पुसत राहिला. "वाचनालयाची चाळीस फळ्यांची मांडणी महिनाअखेर द्यायचीय," शेवटी तो म्हणाला, "मधेच बंद पडलं तर तोंडघशी पडू." कारण खरं होतं. तरी थोरल्याला ते दुसऱ्या कशावर तरी अंथरलेल्या चादरीसारखं वाटलं. पण त्याच्या स्वतःच्या कारणावरही चादर होती. तेव्हा त्याने ती ओढून बघितली नाही. त्याला जुनंच मशीन हवं होतं, कारण जुनं बोलायचं. वेग घेताना ते किंचाळायचं, लाकडात गाठ आली की कुरकुरायचं, खटका सोडला की आधी रडल्यासारखा आवाज, मग कण्हणं, मग चूप. हाताला जे कळत नव्हतं ते कानाला कळायचं. नवीन मशीन म्हणजे नवा, अनोळखी मुका माणूस. "दुरुस्त होतंय का बघून येतो," तो म्हणाला, "नाही झालं तर बघू."

त्या संध्याकाळी बायकोच्या नजरेला फोड पडलाच. भाजी चिरता चिरता ती उठली, मलमाची डबी घेऊन आली आणि त्याचा हात मांडीवर घेऊन बसली. लग्न नवं होतं तेव्हा ती या हातांना काचकागद म्हणायची, आणि त्याच काचकागदाला रोज तेल लावत बसायची. तेव्हा तिच्या गालावर हात ठेवला की गालावरची बारीक लवसुद्धा लागायची बोटांना, फळाच्या सालीवर असते तशी. आता कधी तिच्या पाठीवरून हात फिरवायची वेळ आली तर तो मनगटाच्या वरच्या बाजूने फिरवी. तिथे अजून थोडं कळत होतं. ती कधी त्याबद्दल काही बोलली नव्हती. "केवढं भाजलंय हो! दुखतंय का?" तिने विचारलं. तो खिडकीकडे बघत होता. आता कण्हायला हवं, नाहीतर हिला शंका यायची, म्हणून त्याने दात आवळून "स्स्स" केलं. बायको थांबली. तिचं बोट डबीतच होतं. "अजून लावलंच नाही मी," ती म्हणाली. मग तिने मान खाली घातली आणि फोडाभोवती गोल गोल मलम लावत राहिली, गरजेपेक्षा खूप जास्त वेळ. तिने त्यानंतर एकही प्रश्न विचारला नाही, आणि ती न विचारता उठली याचं त्याला इतकं हायसं वाटलं की स्वतःची शरम वाटली.

वाइंडिंगवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. भिंतीभर तांब्याच्या तारांची रिळं, जमिनीवर पंख्यांची, पंपांची, मिक्सरांची उघडी पोटं. तो स्वतः सुतळीने बांधलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून बसलेला. त्याने थोरल्याचं मशीन उघडलं, आतला गाभा बाहेर काढून उजेडाला धरला आणि डॉक्टर जीभ बघतात तसा बघितला. तांब्याचा लालसर रंग जाऊन तिथे काळपट तपकिरी आली होती. "करपलंय," तो म्हणाला. "भरून देतो नवीन तार. दोन दिवस लागतील." "मग होईल ना पूर्वीसारखं?" "चालेल. पूर्वीसारखं कसं होईल, मिस्त्री? बेअरिंगची घरं झिजलीत, गाभा जरा वाकलाय. चालेल आणि तापेल. मशीन आणि म्हातारा, दोघांनाही तापायला कारण लागत नाही." स्वतःच्या विनोदावर तो खोकेपर्यंत हसला. "पण घाबरायचं काम नाही. दर पाच मिनिटांनी थांबायचं. आणि घड्याळ बघायची गरज नाही, हातच सांगतो. चटका बसला की ठेवून द्यायचं." मग त्याची नजर थोरल्याच्या तळव्यावरच्या पट्टीकडे गेली. "हे काय, याच्यानंच का? आणि एवढं भाजेपर्यंत धरून ठेवलंत?" "कामाच्या नादात," थोरला म्हणाला. "कसला नाद म्हणायचा हा," वाइंडिंगवाला म्हणाला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत काही नव्हतंही कदाचित. पण हे मशीन तापत राहणार. रोज तापणार. आज धाकट्याने हातात घेतलं, उद्या आणखी कुणी घेईल, आणि प्रत्येक जण ओरडेल आणि मग त्याच्याकडे बघेल. तापणारं मशीन म्हणजे रोजची साक्ष. न तापणारं आणलं तर निदान कुणाला कळणार नाही. कानाचं काय ते बघता येईल, डोळे आहेत. "राहू द्या," तो म्हणाला, "नवीनच घेतो." "हे?" "असू द्या तुमच्याकडे." वाइंडिंगवाल्याने खांदे उडवले आणि उघडं पडलेलं मशीन इतर पोटांच्या रांगेत सरकवलं. थोरला बाहेर आला. रस्त्यावर ऊन होतं, माणसं होती, त्यांचे हात खिशांत, पिशव्यांवर, मुलांच्या डोक्यांवर होते. त्याला वाटलं आपण निर्णय घेतला. प्रत्यक्षात तो फक्त पळाला होता, पण पळणाऱ्यालाही वाटेवर वारा लागतोच, तसं जरा मोकळं वाटलं.

नव्या मशीनचं धाकट्याला कोण कौतुक! "दादा, ऐक, आवाज तरी आहे का! मांजर गुरगुरावं तसं." खरंच नव्हता. खटका दाबला की ते हळूच जागं व्हायचं, सुरकन फिरायचं, आणि सोडल्यावर कधी थांबलं ते कळायचं नाही. तीन दिवस थोरल्याने ते डोळ्यांनी चालवलं. प्रत्येक वेळी वाकून पात्यांचा रूळ फिरतोय का ते बघायचा. धाकटा पलीकडून फळी धरायचा, आणि आता मशीन बंद झालं की उगाचच मोठ्याने म्हणायचा, "हं, झालं बंद," गाडी थांबल्यावर वाहक ओरडतो तसा. थोरल्याला ते जरा विचित्र वाटलं, पण धाकटा आधीपासून बडबड्या. बावीस फळ्या झाल्या. बऱ्या झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी घरी जाताना त्याने शीळसुद्धा घातली.

चौथ्या दिवशी सकाळी समोरचा रस्ता फोडायला सुरुवात झाली. दोन माणसं मोठाली फोडयंत्रं छातीशी धरून डांबर उखडत होती, आणि दुकानातल्या खिडकीच्या काचा, डब्यातले खिळे, भिंतीवर टांगलेल्या करवती, सगळं खडखडत होतं. थोरला त्या दोघांकडे काही वेळ बघत राहिला. त्यांचे दंड, गाल थरथरत होते. तरणीताठी माणसं, सुटीच्या वेळी एकमेकांना ढकलत हसत होती. त्यांना जाऊन सांगावं असं त्याच्या मनात आलं. काय सांगणार होता? मग तो वळला आणि तेविसावी फळी घेतली. अर्ध्यावर मशीनच्या तोंडात ढलप्या अडकल्या, ते लाकडावर घसरायला लागलं. त्याने खटका सोडला. सोडला असं त्याला वाटलं. बोट उचलायचा विचार मनात आला आणि विचार आला म्हणजे बोट उचललं गेलं, असं तो गेली पन्नास वर्षं धरून चालत आला होता. त्याने मशीन उचलून तिरपं केलं आणि वाकून न बघताच, अठरा वर्षं करत आला तसा डावा तळवा ढलप्या काढायला खाली नेला. बाहेर डांबर फुटत होतं. धाकटा ओरडला असावा, त्याचं तोंड उघडलेलं दिसलं. मग तो टेबलाला वळसा न घालता सरळ फळीवरून झेपावला, आणि त्याने उजव्या हाताने मशीनचं नाक बाजूला ढकललं.

इस्पितळात धाकटा भेटेल त्याला एकच सांगत होता. परिचारिकेला, टाके घालणाऱ्या डॉक्टरला, धावत आलेल्या बायकोला. "माझीच चूक. घाई केली. दादाचा काही संबंध नाही." मधल्या दोन बोटांची वरची पेरं गेली होती. उजवा हात. भावजय पदराने डोळे पुसत थोरल्याजवळ आली आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही होता म्हणून लवकर आणता तरी आलं. एकटे असते तर?" तो सांगायला जीभ उचलत होता, पण तिच्या मागे आपली बायको उभी होती आणि ती त्याच्याकडे अशा नजरेने बघत होती की तो जे सांगणार होता ते तिला आधीच ठाऊक असावं. दुपारी दोघी घरी कपडे आणायला गेल्या तेव्हा खाटेजवळ तो एकटा उरला. धाकट्याचा हात पांढऱ्या गुंडाळीत उशीवर ठेवलेला होता. चेहरा औषधाने सैल पडलेला. "तुला कसं कळलं रे," थोरल्याने विचारलं, "मशीन चालू आहे ते? आवाज तर काहीच ऐकू येत नव्हता." "तुझ्या बोटाकडे बघत होतो." "का?" धाकटा छताकडे बघत म्हणाला, "दोन वर्षं बघतोय, दादा."

बाहेरच्या व्हरांड्यातून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत गेलं. "वहिनीही बघते," धाकटा म्हणाला. "आम्ही बोललो होतो एकदा. तुला कसं सांगायचं ते ठरेना. ती म्हणाली, तू सांग. मी म्हणालो, तू सांग. तू खिळे तोंडात धरायला लागलास ना, तेव्हाच मला कळलं. बाबांनी तुझ्या थोबाडीत मारली होती खिळे तोंडात धरले म्हणून, त्यानंतर आयुष्यात धरले नव्हतेस." तो थोडा हसला. "म्हणून म्हणत होतो नवीन घेऊ. जुनं तापत होतं. मला वाटायचं एक दिवस हातच भाजून निघेल तुझा आणि तुला पत्ता लागणार नाही. म्हटलं, नवीन न तापणारं आणलं की झालं." थोरल्याने खाटेची लोखंडी कड धरली होती. धरली आहे असं दिसत होतं. "तू चांगला हात घातलास," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "माझा गेला असता तर काय गेलं असतं? मला तर कळलंही नसतं. तुझा चांगला हात घातलास तू." "असं डोक्यात येतं का त्या वेळी?" धाकटा वैतागून म्हणाला. "भाऊ आहेस तू. हिशेब करून हात घालतात का?" आणि मग औषधाच्या गुंगीत, डोळे मिटता मिटता, लहान मुलाच्या तक्रारीच्या सुरात म्हणाला, "तू सांगायचं होतंस रे. एकदा म्हणायचं होतंस. मी काय हसलो असतो?" धाकटा काही हसला नसता. कुणीच हसलं नसतं. आणि तरी सांगणं जमलं नव्हतं. त्याचं कारण थोरला शोधू लागला तेव्हा हाताला काहीच लागलं नाही, खिशात किल्ली शोधावी आणि नुसतंच काहीतरी बोटांखालून सरकत जावं, तसं.

वाचनालयाच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही, धाकट्याची चौकशी केली, आणि आठवड्याने एक टेंपो पाठवून तयार फळ्या आणि उरलेलं लाकूड दुसरीकडे नेलं. टेंपोत फळ्या चढवताना थोरला मदतीला गेला, तर चालक म्हणाला, "राहू द्या काका, मी घेतो." धाकट्याच्या जखमा भरल्या. पण उरलेली बोटं मुठीत नीट मिटत नव्हती, आणि डॉक्टर म्हणाला हातोडी धरता येईल की नाही ते वर्षभराने सांगू. भावजयीच्या भावाने त्याला गोदामात नोंदी ठेवायचं काम बघितलं. तो डाव्या हाताने अक्षर गिरवायला शिकत होता, आणि रविवारी येऊन वहीची पानं दाखवायचा. "बघ दादा, कोंबडीचे पाय." दोघंही हसायचे. त्या हसण्यात काही खोटं नव्हतं, पण ते संपल्यावर बोलायला काही उरायचं नाही, आणि धाकटा लवकरच उठायचा. लाकडाबद्दल तो आता बोलत नसे. पूर्वी दोघं एकत्र असले की लाकडाशिवाय दुसरा विषय नसायचा, बायका कंटाळायच्या. बायको रात्री थोरल्याच्या हातांना तेल लावू लागली होती, नवीन लग्न झालेलं असताना लावायची तसं. तो लावून घ्यायचा. तिला बरं वाटत असेल तर लावू दे. एकदा तिने विचारलं, "कळतंय का काही?" तो म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "बरं," आणि दुसरा हात घेतला. एवढंच. आता खोटं बोलायला लागत नव्हतं. खरं बोलण्याने मन हलकं होतं असं म्हणतात. त्याचं झालं नाही. फक्त दिवस लांब झाले.

दुकान तो अजून सकाळी उघडायचा. झाडायचा, हत्यारांवरची धूळ पुसायचा, स्टुलावर बसायचा. दुकान भाड्याने द्यायचं ठरलं होतं. पहिल्या तारखेपासून तिथे कुणीतरी मोबाइलच्या काचा बदलणार होतं. असा महिना संपत आलेला असताना एका सकाळी एक बाई आल्या. पूर्वी कधी पाहिलेल्या नव्हत्या. कडेवर मूल घ्यावं तसं त्यांनी एका लहानशा कपाटाचं दार घेतलेलं होतं. "मिस्त्री, एवढं बघता का? आईचं औषधांचं कपाट आहे. दार लागतच नाही, सारखं वर अडकतं. तिला जोर लावता येत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, मला माहितेय." थोरल्याने दार टेबलावर आडवं ठेवलं आणि वाकला. बिजागरीच्या विरुद्ध कडेला, वरच्या कोपऱ्याशी, रंग घासून चकचकीत पट्टा पडला होता. वीतभर लांब. लाकूड फुगलं होतं, आणि बिजागरीचा वरचा स्क्रू ढिला होऊन दार किंचित लोंबलं होतं. आधी स्क्रू आवळायचा. मग रंध्याचे दोन हात, तिसरा मारायचा नाही, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात फट पडेल. त्याला सगळं कळत होतं. पूर्वी कधी कळलं नव्हतं इतकं स्वच्छ. वडिलांचा हातरंधा भिंतीवर होता. बाई त्याच्याकडे विश्वासाने बघत होत्या.

"माझ्याच्याने नाही होणार, बाई," तो म्हणाला.

"अहो, दोन मिनिटांचं तर आहे."

"हो. दोनच मिनिटांचं आहे."

त्या जरा गोंधळल्या. त्याने कानावरची पेन्सिल घेतली, ती दोन्ही हातांनी धरली आणि डोळे बारीक करून दाराच्या कडेवर एक रेघ ओढली. रेघ सरळ आली नाही. पुसून पुन्हा ओढली. "इथून सरळ जा. पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळा, हिरव्या फाटकासमोर एक सुतार आहे. म्हणजे भांडकुदळ आहे, बोलेल तुम्हाला दोन शब्द, पण हात चांगला आहे त्याचा. त्याला म्हणावं आधी वरचा स्क्रू आवळ, आणि मग या रेघेपर्यंतच काढ. रेघ जाऊ द्यायची नाही." बाईंनी मान डोलावली, ओठांतल्या ओठांत सगळं म्हणून बघितलं आणि दार पुन्हा कडेवर घेतलं. "आणि त्यांनी विचारलं कुणी सांगितलं, तर?"

थोरल्याने पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. बाई दार सावरत उभ्या होत्या.

"म्हणावं, या गल्लीत एक जण सुतारकाम करायचा," तो म्हणाला, "त्याने."